दाराकडे बघणारे डोळे

कुणाच्याही घरी गणपतीला गेले की माझे हात आधी जोडले जात नाहीत. आधी मी डोळे बघते. बुबुळ कुठं बसलंय, वरची पापणी किती उतरलीय, देव समोरच्या माणसाकडे बघतोय की त्याच्या डोक्यावरून पलीकडे. मग आठवतं, आपण नमस्काराला आलोय. घाईघाईनं वाकते आणि मनात म्हणते, चुकलं रे बाबा. इतक्या वर्षांची खोड, आता काय जायची.

ही खोड लागली तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची असेन. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी एका वाडीत सून म्हणून येऊन मला दीड वर्ष झालं होतं. माझं माहेर घाटावर, साताऱ्याच्याही पुढे, कृष्णेच्या काठाला. माझे मामा मुंबईत गिरणीत होते आणि त्यांच्याच खात्यात आमचे मालक. दोघांनी तिथंच बोलून लग्न ठरवलं. लग्न झालं, एस.टी. घाट उतरली, महिन्याभरानं मालक परत मुंबईला गेले. घरात उरलो मी, सासूबाई आणि मामंजी.

वाडीत मला कुणी नावानं हाक मारत नसे. मी 'घाटावरची'. पाणवठ्यावर गेले की, "घाटावरची आली गो, सरका." मी 'न्हाई' म्हटलं की बायका हंड्याला हंडा लावून हसायच्या. सासूबाई म्हणायच्या, "न्हाई न्हाई काय करतेस? नाय बोल. त्याला काय जोर लागतोय?" मी 'नाय' म्हणायला शिकले. पण तांदळाच्या पिठाची भाकरी माझ्या हाताला येईना. मी ज्वारीवर वाढलेली. इथं आधी पिठाची उकड काढायची, ती मळायची, मग थापायची. माझी भाकरी तव्यावर जायच्या आधी मधोमध उलायची. आपल्या हातून काहीतरी चुकणार आणि हे लोक आपल्याला पुन्हा एस.टी.त बसवून देणार, असं सारखं वाटायचं. तसं कुणी कधी बोललं नव्हतं. तरी वाटायचं.

शाळा माझी चौथीत सुटली. आई गेली त्या वर्षी. पाठीवर चार भावंडं, सगळ्यात धाकटं वर्षाचं. आई रोज सकाळी चौघांच्या डोळ्यांत काजळ घालायची. ते मी चालू ठेवलं, कारण तिच्या कामांपैकी तेवढं एकच मला नीट येत होतं. एरंडेलाचा दिवा लावायचा, वर तांब्याची ताटली पालथी धरायची, ताटलीला धरलेली काजळी खरवडून तुपात खलायची. मग एकेकाला पुढ्यात घ्यायचं. डाव्या हातानं हनुवटी धरायची, आपला श्वास धरायचा आणि उजव्या बोटाचं टोक पापणीच्या कडेनं एका दमात ओढायचं. मध्ये थांबलं की पोर डोळा मिटतं आणि काजळ गालावर. पाच वर्षं, रोज आठ डोळे.

तेव्हा ते काम होतं, एवढंच. त्यात काही असेल असं मला कशाला वाटेल?

मामंजी शेतकरी. पण लावणी उरकली की आमची पडवी गणपतींची व्हायची. नागपंचमीला आजूबाजूच्या वाड्यांतून पाट येत. ज्याचा त्याचा लाकडी पाट, त्यावर एक सुपारी आणि मूठभर तांदूळ. काही पाट तर आजा-पणज्यांनी करून घेतलेले, कडा झिजून गुळगुळीत झालेले. मामंजी ज्याच्या त्याच्या पाटावरच मूर्ती घडवत. मूर्ती मग त्याच पाटासकट घरी जाई आणि विसर्जनानंतर पाट धुऊन माळ्यावर. पाट आमच्याकडे येणं म्हणजे त्या घरानं आमच्यावर टाकलेला विश्वास, असं मामंजी समजत. त्या वर्षी आमचा धरून बावीस पाट होते.

माझ्याकडे माती मळायचं काम होतं. ओढ्याकाठची चिकणमाती चाळायची, कापूस पिंजून तिच्यात कुटायचा, लोण्यासारखी होईपर्यंत कुटायचा. आणि काळ्या रंगासाठी काजळी धरायची, ती मी न सांगता धरायची. मामंजींनी ती बोटावर घेऊन एकदा म्हटलं होतं, "काजळी बारीक धरतेस गो." दीड वर्षात माझं कुणी केलेलं ते पहिलं कौतुक. मी ते कितीतरी दिवस पुरवून पुरवून आठवलं.

डोळे सगळ्यात शेवटी काढायचे. त्याला आखणी म्हणतात. मामंजी अंघोळ करून, खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला घेऊन बसत. त्या दिवसांत कुणाला वाकडा शब्द बोलत नसत.

त्या वर्षी आखणीच्या तोंडावरच त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला नखुर्डं झालं. लावणीत काटा गेला होता, तो आत राहिला. बोट सुजून वांग्यासारखं झालं. सासूबाईंनी लिंबाला भोक पाडून ते बोटावर बसवलं, वरून चिंधी बांधली. लिंबू घालून मामंजी पडवीत बसून राहिले. चतुर्थी सहा दिवसांवर आली होती. मूर्तींचे अंगाचे रंग झाले होते, सोंडेवरची नक्षी झाली होती, पितांबर झाले होते. फक्त डोळ्यांच्या जागी पांढरं.

त्यांनी डाव्या हातानं एक डोळा काढून बघितला. ओल्या फडक्यानं पुसला. पुन्हा काढला, पुन्हा पुसला.

"महाडला सांगावा धाडा," सासूबाई म्हणाल्या. "तिथं कारागीर हायत ना."

"त्याची पडवी भरलेली असंल आता. तो आपलं सोडून माझं करतोय होय?"

"मग बिनडोळ्यांचा देव देणार लोकांना?"

मी चहा घेऊन उभी होते. आणि त्याच वेळी माझं तोंड बोललं. "मामंजी, मी आखू का?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलंत? भाकरी धड थापता येत नाय, आन् देवाचं डोळं काढतेय!"

मामंजींनी चहा डाव्या हातानं घेतला, प्याले, कप खाली ठेवला. मग लिंबाचं बोट माझ्यापुढे धरलं. "ह्याच्यावर काढ."

"लिंबावर?"

"गालासारखंच गोल हाय. काढ."

मी कुंचला बुडवला. पण नुसता कुंचला टेकवायला मला जमेना. मग मी डाव्या हातानं लिंबू खालून धरलं, हनुवटी धरतात तसं, आणि श्वास धरला. रेघ निम्म्यात असताना मामंजींनी मुद्दाम बोट हलवलं. माझा डावा हात लिंबाबरोबर गेला, उजवा त्याच्याबरोबर, रेघ तुटली नाही. पोरं ह्याहून जास्त हलायची. मी वरची पापणी घातली, खालची घातली, मध्ये बुबुळ ठेवलं.

मामंजींनी हात लांब धरून लिंबाकडे बघितलं. लिंबानं मामंजींकडे बघितलं.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "अगो बाय! बघतंय की ते!"

त्या दिवशी मामंजी तो डोळा बोटावर घेऊन घरभर फिरले. गोठ्यात गेले, शेताच्या बांधावर जाऊन आले. संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "चिंधी बदलायची हाय, काढा आता तो. मला मेली लाज वाटतेय त्याच्यासमोर."

पण मामंजींनी अट घातली. कुणाला कळता कामा नये. पाट पिढ्यान्‌पिढ्याचे, त्यावरच्या देवाचे डोळे घाटावरच्या पोरीनं काढले म्हटलं तर पुढल्या वर्षी एकही पाट ह्या पडवीत यायचा नाही. त्यांचं चूक नव्हतं. पडवीला पायरीच्या बाजूनं एक जुनं लुगडं आडवं बांधलं. मी त्याच्याआड, उजेडासाठी अगदी बाहेरच्या कडेला बसले.

त्या चार दिवसांबद्दल मला नीट सांगता येत नाही. श्रावण सरत आला होता. पाऊस यायचा, थांबायचा, आणि थांबला की समोरच्या डोंगरावरून धुकं खाली उतरायचं, भाताच्या शेतावरून चालत यायचं आणि पडवीत शिरायचं. मूर्तींच्या मधून फिरायचं. बावीस जण ओळीनं बसलेले, पाय दुमडून, आणि कुणालाच अजून डोळे आलेले नाहीत. ते झोपलेले वाटत नसत. कुठून तरी लांबून यायचे बाकी आहेत असे वाटत. मी एकेकाला मांडीशी ओढून घ्यायची, हनुवटीखाली, सोंडेच्या बाजूनं, डावा हात लावायची. ओल्या मातीचा आणि डिंकाचा वास. श्वास धरायचा. रेघ निघायची. निघायची म्हणते, कारण मी ती ओढतेय असं मला वाटत नव्हतं. काजळाच्या वाटीतून ती आपली येत होती आणि पापणीच्या जागी जाऊन बसत होती. खाली नदीला पाणी होतं, त्याचा आवाज कुठं गेला कळलं नाही. सासूबाई दोनदा जेवायला हाक मारून गेल्या म्हणे. बुबुळ ठेवलं की समोरचं माणूस झाल्यासारखं व्हायचं. मी क्षणभर थांबायची आणि पुढचा घ्यायची.

त्या चार दिवसांत मला कशाचीही भीती वाटली नव्हती. हेही मला नंतर कळलं, भीती परत आली तेव्हा.

चतुर्थीच्या सकाळी माणसं आली. आपापला पाट ओळखून, तोंडावर आधीच रुमाल टाकून ठेवलेली मूर्ती डोक्यावर घेऊन गेली. घरी नेऊन मांडेपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. म्हणून डोळे कुणी बघितलेच नाहीत. मालक आदल्या दिवशी मुंबईहून आले होते, त्यांनाही आम्ही सांगितलं नव्हतं. मी मोदकाची उकड काढत होते. त्या दिवशी ती नीट निघाली.

दुपारी खालच्या वाडीतला एक जण आला. इरलं अंगणात टाकून पडवीत चढला.

"तात्यानू, आमचा बाप्पा आमच्याकडं बघतच नाय."

"म्हंजे रे?"

"म्हंजे काय! आमी समोर बसलो, आन् हा आमच्या डोक्यावरनं दाराकडं बघतोय. म्हातारी दोन वेळा उठून दारात जाऊन आली, कोण आलं म्हणून. कोण नाय!"

मामंजी हसले. पण तेवढ्यात बांधावरून दुसरा येताना दिसला. त्याच्या मागून तिसरा.

"आमची पोरं आरती सोडून मागं वळून वळून बघताहेत."

"आमच्याकडं पन तेच. भटजींना बोललो, जरा कुंचला फिरवून घेऊ का. भटजी बोलले, प्राणप्रतिष्ठा झाली, आता डोळ्यांना हात लावायचा नाही."

"तात्यानू, खरं सांगा. बोटाला लिंबू असताना आखलंत कसं?"

मी माजघराच्या दाराआड उभी होते. आमच्याकडे गणपती माजघरात बसतो, बाहेरच्या दाराकडे तोंड करून. मी वळून आमच्या गणपतीकडे बघितलं. आणि खरंच तो माझ्याकडे बघत नव्हता. बुबुळ तिळाएवढं वर होतं. तिळाएवढंच. पडवीत मामंजींनी उभ्यानं बघितलं तेव्हा ते कळलं नव्हतं. समोर बसलेल्याच्या डोक्यावरून त्याची नजर उंबरठ्याबाहेर जात होती. बावीसच्या बावीस मी तसे केले होते. पुढच्या नागपंचमीला ही पडवी रिकामी राहणार, आणि ती माझ्यामुळे. आता मला एस.टी.त बसवून देतील ते खरोखरच.

मामंजी आत आले. गणपतीसमोर बसले, बघितलं. मग उठून पडवीत गेले आणि मी आखणीला बसत होते त्या जागी जाऊन बसले. मान वर केली. धुकं फाटलं होतं आणि समोर घाटाची वाट दिसत होती, डोंगराला गुंडाळलेली. मामंजी बराच वेळ तिकडे बघत राहिले. माणसं त्यांच्याकडे बघत राहिली. मग ते आत चुलीपाशी आले, मागोमाग मीही. सासूबाई मोदक काढत होत्या.

"पोरी," ते हळू म्हणाले, "आखताना घाटाकडं बघत व्हतीस का?"

"न्हाई, मामंजी." मी 'नाय' म्हणायला विसरले. "मी वर बघितलंच न्हाई."

"मग सगळ्यांचं बुबुळ वर का?"

बोलायला लागले तेव्हाच मला ते कळलं. "मला डोळे तसेच ठाऊक आहेत. आई गेल्यावर मी पोरांना काजळ घालायची. ती माझ्याकडं बघायचीच न्हाईत. माझ्या खांद्यावरनं दाराकडं बघायची. मला वाटलं, डोळे असेच असतात."

चुलीत लाकूड फुटलं. सासूबाईंनी हातातला मोदक परत चाळणीत ठेवला, हात पदराला पुसले आणि माझ्या अंगावरून तरातरा पडवीत गेल्या.

"काय रे," त्या बाहेरच्या माणसांना म्हणाल्या, "परवा गौर यायची हाय ना तुमच्याकडं?"

"हाय की."

"गौर कोण त्याची?"

"आई."

"मग पोरगा आईची वाट बघतोय. त्यात तुमच्या पोटात कशाला दुखतंय?"

तेवढ्यात मामंजी पडवीत आले आणि म्हणाले, "आन् डोळं मी नाय आखलंत. माझ्या सुनेनं आखलंत. माझं बोट हे असं हाय."

"घाटावरचीनं?"

"सुनेनं बोललो मी."

तिसरा होता तो खिदळला. "तरीच घाटाकडं डोळं लागलंत!" पण पहिला, खालच्या वाडीतला, इरलं डोक्यावर घेत म्हणाला, "म्हातारीला सांगतो. ती काय बोलेल ती बोलेल." आणि ते गेले.

मालक माजघराच्या दुसऱ्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू?" एवढंच. पण ते नंतर कितीतरी वेळ गणपतीसमोर बसून होते.

गौर येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. अन्न जात नव्हतं. गौरीच्या संध्याकाळी खालच्या वाडीतल्या म्हातारीनं तेरड्याची गौर घरात आणली, आणि ती नेहमीप्रमाणे गणपतीशेजारी न बसवता दारापाशी, अगदी त्याच्या नजरेच्या रेषेत मांडली. म्हणाली, बघायचं तर बघ आता पोटभर. ते वाडीत पसरलं. पोरं बघायला धावली. मग दुसऱ्या घरानं तशीच मांडली, मग तिसऱ्या. सासूबाई सांजेला बाहेर जाऊन आल्या आणि त्यांनी आमचीही गौर उचलून दाराशी नेऊन ठेवली. त्या वर्षी आमच्याकडच्या गौरी दाराशी बसल्या. हळदीकुंकवाला बायका आल्या, त्यांना आत यायला वाट पुरेना. अंग चोरून, हसत, गौरीला धक्का न लावता यायच्या. पाणवठ्यावरची एक माझ्या कपाळाला कुंकू लावताना म्हणाली, "घाटावरचे, तुझ्यापायी आज चेंगरलो गो आमी." पण तिनं माझी हनुवटी धरली होती.

विसर्जन झाल्यावर मामंजी म्हणाले, "चार दिवस माहेरी जाऊन ये." माझा चेहरा पडलेला बघून सासूबाई लगेच म्हणाल्या, "परत यायचं हाय! नवरात्राच्या आत ये, इथं काय मी एकटी मरू?" मालकांनी रजा वाढवून घेतली. निघताना मामंजींनी लिंबाचा डाग राहिलेलं बोट माझ्यापुढे धरलं. "डोळं नीट बघून ये."

एस.टी. आंबेनळीतून वर चढत होती. ढगातून गेली, काही दिसेना, मग दिसायला लागलं. खालची आमची वाडी कौलाच्या तुकड्याएवढी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा माझ्यापुढे येऊन बसला. सात वर्षांचा झाला होता, शाळेत जात होता. "आक्का, काजळ घाल." शाळेतली पोरं हसतील म्हटलं, तर म्हणाला, हसू दे. मी दिवा लावला, ताटली धरली. त्याची हनुवटी धरली आणि श्वास धरला.

तो माझ्याकडे बघत होता.

खांद्यावरून नाही, दाराकडे नाही. सरळ माझ्या तोंडाकडे. माझं बोट तसंच हवेत राहिलं. बुबुळ वरच्या पापणीखाली जरासं शिरलेलं, खाली अर्ध्या तिळाएवढं पांढरं, आणि मधोमध बारीक उजेडाचा ठिपका. त्या ठिपक्यात माझ्या मागचं दार होतं आणि दाराच्या पुढं मी. "घाल ना गं," तो म्हणाला. मी घातलं. मग दुसरा डोळा घालायच्या आधी पुन्हा खूप वेळ बघत राहिले.

पुढच्या नागपंचमीला पाट आले. आमचा धरून एकवीस. एक आला नाही, तो महाडला गेला. त्या घरचं मला अजून थोडं वाईट वाटतं. खालच्या वाडीतल्या म्हातारीनं आपला पाट स्वतः आणला. तिचा मधला मुलगा बोटीवर कामाला गेला होता आणि दोन वर्षं त्याचं पत्र नव्हतं. ती पडवीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "सगळ्यांचं सरळ कर. माझा तेवढा दाराकडंच बघूंदे."

वीस सरळ आखले, एक तिचा. मामंजींचं बोट बरं झालं होतं, पण त्यांनी आखणीला कुंचला हातात घेतला नाही. शेजारी बसून काजळी खलत राहिले. त्यानंतर किती पाट ह्या हातांखालून गेले त्याचा हिशेब नाही. चौथी शिकलेल्या, भाकरी उलणाऱ्या पोरीच्या हातात हे कुणी आणि का ठेवलं, मला कळलेलं नाही. ज्यांनी ते राहू दिलं त्यांतले बहुतेक आता नाहीत.

आणि तरी, चतुर्थीची दुपार झाली, पानं वाढली, आणि बांधावरून कुणी आमच्या पडवीकडे येताना दिसलं, की अजून माझा घास हातात थांबतो. ते माणूस पडवीत चढून, पाय पुसून, "काय गो, जेवलीस का?" असं म्हणेपर्यंत.